रविवारनंतरचे सहा दिवस

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पॅरिश कौन्सिलांना, पास्टोरेट कमिट्यांना आणि कार्यकारी मंडळांना खुले पत्र

सन्माननीय सभासदहो,



यार्देनच्या काठी बाप्तिस्मा घ्यायला जमलेल्या लोकांनी योहानाला एक साधा प्रश्न विचारला होता. आम्ही आता नेमके करायचे काय? लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न तीन वेळा येतो आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे मिळते. सर्वसामान्य माणसांना योहान सांगतो, अंगरखे दोन असतील तर एक ज्याच्याकडे नाही त्याला द्या, अन्नाचेही तसेच करा. जकातदारांना सांगतो, ठरलेल्या करापेक्षा जास्त उकळू नका. शिपायांना सांगतो, धाक दाखवून लुबाडू नका, कुणावर खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा. प्रार्थना किती वेळ करायची, उपवास किती दिवस धरायचा, यातले काहीच या उत्तरांत नाही. जकात नाका सोडून अरण्यात या, असेही तो कुणाला सांगत नाही. नाक्यावरच बसा आणि तिथे बसून नीट वागा, एवढीच त्याची अट आहे.

त्याच्याही आठशे वर्षे आधी तकोवा गावचा मेंढपाळ आमोस हेच बोलत होता. त्याने ज्यांना धारेवर धरले ते नास्तिक नव्हते. शब्बाथ पाळणारे, सणवार करणारे, यज्ञ चढवणारे व्यापारी होते. पण शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडते याकडे त्यांचे डोळे लागलेले. माप छोटे, वजन मोठे, तराजू खोटा, आणि गव्हाबरोबर भुसाही विकायचा. आमोसाच्या पुस्तकातला देव त्यांच्या उत्सवांना आणि गाण्यांना कंटाळलेला आहे, कारण वेशीवर गरिबाला न्याय मिळत नाही. वेस म्हणजे त्या काळचे कोर्ट, तहसील आणि बाजार, तिन्ही एकाच जागी.

हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण असे की मंडळीचा कारभार आपल्या हातात आहे. आपल्या बैठकांतून सणाचा मंडप, घंटाघराची डागडुजी, नवा स्पीकर, सहलीची वर्गणी, नाताळचा गोठा हे विषय निघतात. ते निघायलाच हवेत, मंडळी अशीच चालते. पण मंडळीतली माणसे सोमवार ते शनिवार ज्या ठिकाणी असतात, म्हणजे सेल्स काउंटरवर, पोलीस चौकीत, शाळेच्या ऑफिसात, बांधकामाच्या साइटवर, महापालिकेच्या टेबलामागे, त्या ठिकाणांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. नीतिमत्त्वाची भूक आणि तहान लागलेल्यांना येशूने धन्य म्हटले, हे डोंगरावरचे प्रवचन पाठ असलेली माणसे आपल्यात शेकड्यांनी सापडतील. त्या भुकेला रोजच्या व्यवहारात कोणती भाकरी लागते, हे मात्र बोलले जात नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे नवे नाही, आणि म्हणूनच त्याचा विसर पडणे जास्त खटकते.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या व्यासपीठांवरून आदराने घेतले जाते. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो अनाथ मुली, बायबलचे सोपे मराठी भाषांतर, हे सगळे सांगितले जाते. पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगचे पान मात्र क्वचितच उघडते. घरोघर शिरणारी तपासणी पथके आणि सक्तीचे विलगीकरण यांनी शहर हवालदिल झाले होते. प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांना कसे वागवले जाते, तिथे एकट्या मुलीवर कोणता प्रसंग येऊ शकतो, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात स्वतःच्या नावानिशी लिहिले. त्या पत्राचा गाजावाजा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातला मजकूर चुकीचा ठरवून झटकून टाकला.

तेव्हाची त्यांची परिस्थिती जरा डोळ्यांपुढे आणावी. राज्य ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे. संस्था देणग्यांवर चालणारी, आणि देणग्यांचा मोठा वाटा परदेशातून येणारा. धर्मांतरामुळे पुण्यातले जुने हितचिंतक दुरावलेले. सरकारची मर्जी सांभाळायला याहून जास्त कारणे कुठल्या संस्थाचालकाकडे असू शकतात? तरीही दवाखान्यातल्या परक्या बायकांसाठी त्यांनी सत्ताधाऱ्यांशी वैर पत्करले. सत्ता आपल्याच धर्माच्या लोकांची असली म्हणून तिचा अन्याय सौम्य होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुक्तीतल्या मुली विणकाम आणि छपाई शिकत होत्या, शेतीवर राबत होत्या. त्या कामाचे आणि ‘बॉम्बे गार्डियन’मधल्या पत्राचे मूळ एकाच श्रद्धेत होते. पुढच्या पिढ्यांनी ती दोन वेगळी खाती केली.

दुसरे नाव जोसेफ बॅप्टिस्टा यांचे. माझगावच्या माथारपाखाडीतला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातला हा बॅरिस्टर सगळ्या मुंबईचा ‘काका’ होता. लोकमान्य टिळकांचा मित्र आणि कायदेशीर सल्लागार, टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात स्थापलेल्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत भरले, त्याच्या उभारणीत बॅप्टिस्टा पुढे होते. नंतर १९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आजच्या भाषेत महापौर. गिरणी कामगाराचे आणि टपालवाल्याचे गाऱ्हाणे मांडताना त्याची जात वा धर्म त्यांनी विचारला नाही. आज माझगावात त्यांच्या नावाची बाग आहे. आपल्या तरुण मंडळांतल्या किती जणांना ती बाग कुणाची हे सांगता येईल, हा प्रश्न प्रत्येक कौन्सिलने आपल्यापुरता विचारावा.

आता वसईकडे वळू. या विषयावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीपेक्षा वसईच्या धर्मग्रामांकडे सांगण्यासारखे जास्त आहे, आणि विचारण्यासारखेही.

केळीच्या बागा, पानमळे, भाजीचे वाफे, फुलांच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरी हे वसईचे जुने वैभव. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरमधून इमारतींकडे जाऊ लागले आणि उपसा वाढला तशी समुद्राकाठच्या विहिरींना खार लागण्याची भीती उभी राहिली. त्या वेळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. झगा घातलेला धर्मगुरू मोर्चाच्या पुढे चालतो, पाण्यावर आणि नगररचनेवर बोलतो, गुंडगिरीचे नाव घेऊन निषेध करतो, हे अनेकांना रुचले नाही. धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, असे सांगणारे बाहेर होते तसे आतही होते. दिब्रिटो वेदीपाशीही राहिले आणि वेशीवरही. त्यांच्याबरोबर सर्व धर्मांचे वसईकर चालले. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते मिळवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत वसईने त्यांना मनापासून निरोप दिला.

मात्र त्या चळवळीनंतरच्या वर्षांत वसईचे काय झाले हेही पाहायला हवे. जुलै २०१८ च्या पावसात वसई दिवसचे दिवस पाण्यात होती. रेल्वे बंद, वीज बंद, मिठागरांतल्या वस्त्या वेढलेल्या. पाऊस मोठा होता हे खरेच. पण पाणी ज्या नाल्यांतून, खाचरांतून आणि खाजणातून खाडीला जायचे त्या वाटांवर वर्षानुवर्षे मातीचा भराव पडत आला, हेही तितकेच खरे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर खोट्या कागदपत्रांच्या जोरावर ४१ इमारती उभ्या राहिल्या. कोर्टाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या आणि आयुष्याची पुंजी घालून घरे घेतलेली हजारो माणसे उघड्यावर आली. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला.

या घटनांचा दोष एखाद्या समाजावर टाकणे अन्यायाचे होईल. बिल्डर, अधिकारी, नेते, दलाल अशी ती लांबलचक साखळी आहे. पण अशा साखळीची पहिली कडी बहुतेक वेळा जमिनीचा एखादा तुकडा असते, आणि जमीन विकणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. विकणे हा गुन्हा नाही. म्हातारपणाचे औषध, मुलीचे लग्न, मुलाचे परदेशी शिक्षण यांसाठी गुंठे विकले जातात आणि त्या गरजा खऱ्या असतात. नीतिमत्त्वाची परीक्षा विकायचे की नाही यावर थोडी आणि कसे विकायचे यावर जास्त होते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला तो दिवस अनेकांनी अनुभवलेला आहे. खरेदीखतावर एक आकडा, पिशवीत दुसरा. मुद्रांक शुल्क वाचते, आयकर वाचतो, आणि ‘सगळे असेच करतात’ या वाक्याने मनाची समजूत निघते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी घातली, तरी पिशवी चालूच आहे. त्या पिशवीचे परिणाम पुढे दूरवर पोचतात. काळ्या पैशावर उभी राहणारी इमारत परवानगीही तशाच पैशातून मिळवते आणि नाला बुजवते, मग पाणी कुणाच्या तरी घरात शिरते. ते घर पुष्कळदा उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून पोट भरायला आलेल्या भाडेकरूचे असते. वसईच्या जुन्या कुटुंबांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख ‘बाहेरचे’ असा होतो. वसई बुडाल्याचे दुःख सांगताना या माणसाचेही घर मोजले पाहिजे.

यरीहोचा जक्कय याच जातीच्या पैशावर श्रीमंत झालेला होता. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा पैसे परत कर असे त्याला कुणी सांगितल्याची नोंद नाही. तो आपण होऊन उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट, असा हिशेब त्याने स्वतःच मांडला. या कथेवर आपल्याकडे मुलांचे नाट्यप्रवेश होतात, उंबराचे झाड पुठ्ठ्याचे बनते, आणि जक्कय झाडावरून उतरला की पडदा पडतो. चौपटीचा हिशेब नाटकात सहसा येत नाही. जमिनीच्या व्यवहारातून आलेल्या पैशातून चर्चला मोठी देणगी देणारा मनुष्य आणि त्याच व्यवहारात जिचा हिस्सा बुडाला ती त्याची विधवा भावजय एकाच बाकावर बसलेली असतील, तर देणगी स्वीकारण्याआधी कौन्सिलने दोन शब्द बोलायला हवेत. हे अवघड आहे. पण ते धर्मगुरूंवर ढकलून चालणार नाही, कारण गावातले व्यवहार फादरांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतात.

इतरांना हे सांगण्याआधी मंडळीच्या स्वतःच्या हिशेबवह्या उघडाव्या लागतील.

पहाटे घंटा वाजवणारा, वेदीची फुले बदलणारी, धर्मगुरूंच्या घरी स्वयंपाक करणारी, कबरस्तानात खड्डा खणणारा, ही माणसे किती पगारावर आहेत? त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का? आजारपणात कुणाकडे बघायचे? कबर खणणाऱ्या माणसाला जुलैच्या पावसात, गुडघाभर पाण्यात, दोन तासांत खड्डा तयार ठेवायचा असतो. त्याचे पैसे मयताच्या घरच्यांनी ‘खुशीने’ द्यायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. खुशी असेल तर पाचशे, नसेल तर शंभर. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे, हा नियम मोशेच्या शास्त्रात लिहिलेला आहे. तो पाळायला कौन्सिलचा एक ठराव पुरेसा आहे. रक्कम ठरवावी, ती चर्चच्या खात्यातून द्यावी, आणि वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर सेवकांच्या पगाराचा तक्ता वाचून दाखवावा.

मंडळ्यांच्या आणि ख्रिस्ती माणसांच्या खासगी शाळांबद्दलही तेच. विनाअनुदानित शाळांत कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, हा प्रकार महाराष्ट्रभर ऐकू येतो. ज्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर येशूची तसबीर आहे तिथे असे घडत असेल, तर त्या शाळेतल्या तरुण शिक्षिकेला ख्रिस्ती श्रद्धेची ओळख त्या पगाराच्या पावतीवरूनच होते. घरकामाला येणाऱ्या बायकांचा प्रश्न तर प्रत्येक घरातला. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या किती घरांतून मावशींना त्या मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारी माहिती दिली गेली? भाऊबीजेची साडी दिली जाते आणि ती प्रेमाने दिली जाते. पण साडीने पगारी सुट्टीची जागा भरत नाही.

उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर एक तास ठेवून योहानासारखे प्रत्येक धंद्याचे वेगळे उत्तर शोधता येईल. एका शुक्रवारी मंडळीतल्या दुकानदारांनी बसावे, दुसऱ्या शुक्रवारी शिक्षकांनी, मग सरकारी नोकरांनी, बांधकाम क्षेत्रातल्यांनी, नर्सेसनी, रिक्षावाल्यांनी. बाहेरचा व्याख्याता नको. आपल्या धंद्यात नेमका मोह कुठे येतो हे त्या धंद्यातल्याच माणसाला कळते. ज्याने पाकीट नाकारले आणि त्यामुळे ज्याची बदली झाली तो माणूस आपल्यात असतो आणि त्याला कुणी काही विचारलेले नसते. लाच न घेणारा कारकून घरीदारी चेष्टेचा विषय होतो. मंडळीने त्याला बोलते करावे, त्याच्या पाठीशी उभे राहावे, बदलीच्या गावी त्याच्या बायकोमुलांची विचारपूस करावी. एकट्याने प्रामाणिक राहणे फार महागात पडते, आणि मंडळी या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथेच असला पाहिजे.

आता मताचा विषय. निवडणूक आली की आपल्या अनेक गावांत तेच घडते. उमेदवार रविवारी चर्चच्या आवारात येतो, हात जोडतो. कुणीतरी कबरस्तानाच्या कुंपणाचा, समाजमंदिराचा किंवा रस्त्याच्या डांबरीकरणाचा विषय काढतो. आश्वासन मिळते आणि गावाचे मत ‘ठरते’. कुठे पाकिटेही फिरतात. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत. ‘त्यांचाच पैसा आहे, घ्या आणि मत हवे त्याला द्या’ हा सल्ला चतुराईचा वाटतो, पण पाच वर्षे त्या लोकप्रतिनिधीला जाब विचारायचे तोंड मतदाराकडे उरत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी भारताच्या निवडणूक आयोगाने २०१८ पासून सी-व्हिजिल हे ॲप दिले आहे. फोटो किंवा व्हिडिओ टाकून तक्रार करता येते आणि तक्रारदाराला नाव लपवता येते. आपल्या तरुणांच्या मोबाइलवर भजनांचे चार ग्रुप असतात, त्यांत हे एक ॲप मावेल.

कुंपणाच्या मोबदल्यात मत देण्यात आणखी एक गोष्ट हरवते. संविधान सभेत अल्पसंख्याकांसाठी राखीव मतदारसंघ ठेवायचे की नाही यावर दीर्घ चर्चा झाली होती. सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याकविषयक कामात पुढे असलेले बंगाली ख्रिस्ती नेते हरेंद्रकुमार मुखर्जी यांनीच मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याच्या ठरावात पुढाकार घेतला. फादर जेरोम डिसोझा यांच्यासारखे ख्रिस्ती सदस्यही त्याच मताचे होते. देश फाळणीतून नुकताच उठत होता, मने पोळलेली होती. संख्येने एवढ्याशा समाजाच्या प्रतिनिधींनी अशा वेळी सांगितले की आम्हाला राखीव जागा नकोत, शेजाऱ्यांच्या बरोबरीनेच निवडणूक लढवू. त्या निर्णयाचे मोल आजच्या मतदानात दिसायला हवे. ‘आपल्या लोकांसाठी काय केले’ एवढ्याच प्रश्नावर मत ठरत असेल, तर ती १९४९ च्या विश्वासाशी प्रतारणा होते. शेजारच्या आदिवासी पाड्यावर नळ आला का, महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर असतो का, सफाई कामगाराला कंत्राटदार पूर्ण मजुरी देतो का, हेही ख्रिस्ती मतदाराचे प्रश्न आहेत. किंबहुना आमोसाने आणि यशयाने विचारलेले प्रश्न हेच आहेत.

व्यासपीठावरून अमुकाला मत द्या असे सांगण्याचा मार्ग इथे कुणी सुचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला, मुंबईतल्याच सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून आलेल्या अभिराम सिंग खटल्यात, धर्माच्या नावे मत मागण्यावरची बंदी आणखी कडक केली. उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराच्या धर्माचे आवाहनही बहुमताने त्या बंदीत आले. निकाल योग्यच आहे. कौन्सिलचे काम वेगळे आहे. प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे लागते. ती प्रतिज्ञापत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असतात. मंडळीतल्या वृद्धांना ती वाचून दाखवावीत, सर्व पक्षांच्या उमेदवारांना एकाच मंचावर बोलवावे, शेजारच्या वस्त्यांतल्या सर्व धर्मांच्या मतदारांना समोर बसवावे, आणि मत ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे. नाल्यावरचा भराव कोण काढणार, हा प्रश्न त्या मंचावर विचारता येतो. कबरस्तानाच्या कुंपणापेक्षा तो जास्त लोकांच्या घराशी जोडलेला आहे.

शेवटचा विषय जातीचा. तो सगळ्यात दुखरा आहे, आणि नगर, जालना, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर या बाजूच्या मंडळ्यांना तो सांगण्याचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या हाती पाटी दिली. नगरमध्ये सिंथिया फॅरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा महात्मा फुल्यांनी पाहिल्या होत्या, पुढे सावित्रीबाईंनी तिथे प्रशिक्षण घेतले. महार आणि मांग समाजांतली हजारो कुटुंबे ख्रिस्ती झाली ती माणूस म्हणून वागवले जाईल या आशेने. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढायची शिफारस केली. ती लागू झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला गेला.

या आदेशाने खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांत दोन नावांचे जगणे आणले. चर्चच्या रजिस्टरमध्ये एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. रविवारी प्रभुभोजन घेणारी आई सोमवारी तहसीलमध्ये मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वेगळा धर्म लिहिते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आचरण ख्रिस्ती ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरवली. कायद्याचा अर्थ स्पष्ट आहे. पण त्या आईकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो? मुलाच्या फीसाठी तिने खरे लिहिले असते तर मंडळीने ती फी भरली असती का? भारताच्या कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात कबूल केले. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत, सोयरिकीच्या बोलण्यात, कौन्सिलवर कोण निवडून येते यात, तो भेद अजून सहज दिसतो. वसईतल्या वाडवळ, सामवेदी आणि कोळी ख्रिस्ती घरांतल्या सोयरिकींतही तो आहे. सरकारकडे बरोबरीचा हक्क मागणारा समाज घरात बरोबरी देत नसेल, तर निवेदनावरच्या सह्या कितीही असोत, त्यांना वजन येत नाही.

म्हणून प्रत्येक पॅरिशने आणि पास्टोरेटने जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी एक निधी उभा करावा, ही या पत्राची शेवटची विनंती. खोटा दाखला नाकारणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मुलाची फी त्यातून भरली जावी. पैसे सणाच्या खर्चातून काढता येतील. फटाके आणि लायटिंगवर किती जाते ते आपल्या खजिनदारांना ठाऊक आहे. शहरातल्या श्रीमंत पॅरिशने मराठवाड्यातल्या एका मंडळीची जबाबदारी घ्यावी, आणि ही मदत देताना कुणाची जात किंवा चर्चचा पंथ विचारू नये. त्याच बैठकीत १९५० च्या आदेशातली धर्माची अट काढण्याची मागणी करणारे निवेदन तयार व्हावे. त्यावर वाडवळ, सामवेदी, ईस्ट इंडियन, गोवन, मंगलोरी अशा सर्वांच्या सह्या असाव्यात, आणि त्याखाली आपल्याच मंडळीत जात पाहून सोयरीक नाकारणार नाही अशी कौन्सिलच्या सभासदांनी स्वतः लिहून दिलेली हमी जोडावी. त्यावर पहिली सही अध्यक्षांची, दुसरी सेक्रेटरींची.

कळावे.